मुठीच्या बिड्या

बिडी हातात घेतली की ती कुणी वळली ते मला कळायचं. दोरा कुठून कुठे गेला, तोंड किती दाबलं, बुडाकडे पान किती सोडलं, एवढ्यावर बाई ओळखू यायची. नवसाबाईची बिडी आखूड आणि दगडासारखी घट्ट. उज्वलाची कमरेत बारीक. माझ्या बायकोच्या, कुसाच्या बिडीचा दोरा डावीकडे फिरायचा. लहानपणी गवत कापताना विळ्याने तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर गेलं होतं, म्हणून ती दोरा डाव्या हाताने फिरवायची.

सिन्नरच्या एका बिडी कारखान्यात मी पंचवीसेक वर्षं चेकर होतो. दुपारनंतर बायका आपापलं सूप घेऊन माझ्या टेबलासमोर रांग लावायच्या. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे म्हणजे हजार. मी कट्टा हातावर उघडायचा, अंगठ्याने फिरवायचा आणि ज्या बिडीचं पान फाटलंय, तोंड उघडंय, ती डाव्या बाजूच्या खोक्यात टाकायची. तिला छाट म्हणत. छाटीतली बिडी बाईच्या कार्डावर चढत नसे.

कुसा शाळेत गेलेली नव्हती. आमच्या वस्तीत मारुतीच्या पारावर साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. वर्ग चार महिने चालला, मग गुरुजी यायचे बंद झाले. कुसा थांबली नाही. किराण्याची पुडी सोडली की ती कागद मांडीवर सपाट करून वाचायची. एसटी स्टँडवर गेलो की सगळ्या पाट्या वाचून झाल्याशिवाय गाडीत चढायची नाही. अशीच एक गाडी आमची सुटली. पुढे नगरपालिकेच्या वाचनालयातून ती पुस्तकं आणू लागली. तिथला माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, "कुणासाठी नेता बाई?" ती म्हणाली, "चाळीस जणींसाठी."

ते खरं होतं. कारखान्यात बायका ओळीने भिंतीला टेकून बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात टेंभुर्णीची पानं. हात चालू, डोळे सुपात, कान रिकामे. कुसाने आधी पेपर वाचला, मग गोष्टी, मग सातवीचं इतिहासाचं पुस्तक. ती वाचायची तेवढा वेळ तिचं वळणं राहून जायचं. मग नवसाबाईनेच ठरवलं, की प्रत्येकीने दिवसाला एक कट्टा वाचणारीला द्यायचा. त्याला मूठ म्हणत. चाळीस जणींची मूठ म्हणजे हजार बिड्या. कुसाचा दिवस भरला.

त्या चाळीस हातांच्या बिड्या एका सुपातून माझ्यासमोर यायच्या. मला एकेक हात दिसायचा. मी मान खाली घालून कार्डावर हजाराचा आकडा घालायचो. आकडे आणि सही, एवढंच मला लिहिता यायचं. पहिले काही दिवस माझ्या तळव्यांना घाम यायचा. मग सवय झाली. असं दोन वर्षं चाललं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पान खराब आलं. चंद्रपूरकडे तोडणीच्या वेळी गारा पडल्या होत्या असं म्हणत. पानावर भोकं, शिरा जाड, पाण्यात कितीही ठेवलं तरी कात्री लावताच तडकायचं. त्यात सिन्नरचा वारा. उघड्या खिडकीतून गरम झोत आला की कापून ठेवलेली पानं सुपातच वाळून वळायची. बायका फडकी सारखी भिजवायच्या. तोंडात पाणी धरून पानांवर फवारायच्या. संध्याकाळी ओठ फाटलेले असायचे.

रावजी नावाचे नवे दिवाणजी त्याच वर्षी आले होते. सगळा कारखाना त्यांच्या हातात. एके सकाळी ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"भिका, बाहेरून माल परत आलाय. छाट वाढव."

"पान खराब हाय, दिवाणजी. बायका काय करतील?"

"पानाचं मला सांगू नको. तुझी खुर्ची कशासाठी हाय?"

मी छाट वाढवली. हजारात वीस-तीस निघायची तिथे दीडशे निघू लागली, मग दोनशे. बायका आधी हसून बोलल्या. कुसामुळे त्या मला दाजी म्हणत.

"दाजी, आज डोळ्यात काय गेलं काय?" उज्वला म्हणाली.

"डोळ्यात न्हाय, पोटात गेलं असंल. कुसाक्काने सकाळी भाकर करपवली वाटतं," मागून कुणी म्हणालं.

आठवड्याने हसणं बंद झालं. नवसाबाई सूप उचलताना एवढंच म्हणाली, "दाजी, ही बिडी तुझ्या सासूने वळली असती तर टाकली असती का?" मी खोक्याकडे पाहिलं. बिडी तशी बरी होती.

एका रविवारी कुसा ओट्यावर एक पातळ पुस्तिका घेऊन बसली होती. कामगार संघटनेच्या कुणी आडव्या फाट्यावर वाटली होती. बिडी कामगारांच्या कायद्याची. ती बोट ठेवून वाचत होती आणि मधेच थांबून तोच शब्द परत म्हणत होती. मी बाजूला कांदा फोडून भाकर खात होतो.

"छाटीत रोज किती जात्यात हो?" तिने विचारलं.

"तुला कशाला?"

"हितं लिहिलंय. छाट काढायला शेकड्यामागं हद्द हाय. जास्ती काढायची तर कारण लिहून ठिवायचं." तिने वर पाहिलं. "तुम्ही लिहिता का कारण?"

"ते पुस्तक कारखान्यात नेऊ नको."

"का?"

"छाट मी काढतो, कुसे."

"म्हणून तर वाचती," ती म्हणाली आणि पान उलटलं.

मी भाकर खाली ठेवली. तिच्या मुठीच्या बिड्या मी दोन वर्षं पास करतोय हे कुणी उकरलं तर तिचं कार्ड जाईल आणि माझी खुर्ची. कार्ड गेलं की फंड, दवाखाना, सगळं त्याच्या मागे जातं. मी तिला हे सांगितलं.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण त्या मला मूठ देत्यात ती कशाची? नुसत्या राजाराणीच्या गोष्टीची?"

दुसऱ्या दिवशी माझं टेबल होतं तिथून लाकडी फळीच्या आडोशापलीकडे बायका बसलेल्या. मला त्या दिसत नसत, ऐकू यायच्या. शेकडो बोटांची खसखस, कात्र्यांचा कच कच आवाज आणि त्यावर कुसाचा आवाज. तिचा आवाज मोठा नव्हता. अवघड शब्द आला की ती आधी मनात जुळवायची आणि मग एकदम म्हणायची. त्या दिवशी तिने पुस्तिका काढली. पहिल्या दोन पानांना कात्र्या चालू होत्या. छाटीचं कलम आलं आणि कात्र्या थांबल्या.

"परत वाच," नवसाबाई म्हणाली.

कुसाने परत वाचलं.

"आता हळू वाच. म्हातारीला कळंल असं."

तिने तिसऱ्यांदा वाचलं. मी मान वळवली तर रावजी दिवाणजी माझ्या मागे उभे होते. पंखा चालू होता आणि त्यांच्या हातातला कागद हलत होता.

"रोज वाचते ही?" त्यांनी हळू विचारलं.

"पेपर वाचते, दिवाणजी. करमणूक."

"आणि वळते कधी?"

मी म्हणालो, "वळते की."

संध्याकाळी रांग लागली तेव्हा त्यांनी खुर्ची आणून माझ्या शेजारी मांडली. मी एकेकीचा माल पाहत होतो. त्या दिवशी छाट किती काढू ते मला समजेना. कमी काढली तर ते बघतायत, जास्ती काढली तर बायका बघतायत. कुसाचं सूप आलं. दिवाणजींनी ते स्वतः घेतलं आणि चाळीस कट्टे टेबलावर सोडले. दोन-तीन कट्ट्यांचे दोरे सुटून बिड्या पसरल्या. आखूड, लांब, बारीक, जाड. आंधळ्यालाही कळलं असतं.

"भिका, एकोणीस वर्षं झाली ना तुला? हात ओळखतोस म्हणे. ह्या कुणाच्या हातच्या?"

मागे चाळीस बायका उभ्या होत्या. कुसा समोर. तिच्या पदराला तंबाखूचा भुगा लागला होता.

मी म्हणालो, "कुसाच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"चांगलं झालं. मग तिने एक कट्टा इथं वळून दाखवावा. एवढा हजाराचा हात, मला पण बघू दे."

त्यांनी सूप मागवलं. गठ्ठ्यातली वरची पानं, सगळ्यात वाळकी, तिच्यासमोर टाकली आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बारा मिनिटं. बाकीच्या ह्याहून कमी घेत्यात."

कुसा जमिनीवर बसली. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून तिने कात्री चालवली. पहिलं पान तडकलं. दुसरं घेतलं. तंबाखूची चिमूट पसरली, वळली, दोरा डावीकडे फिरवला. इथपर्यंत ठीक होतं. मग तोंड दाबायची वेळ आली आणि मी तिच्या बोटांकडे पाहिलं.

बिडीचं तोंड नखाने आत दुमडायचं असतं. वळणाऱ्या प्रत्येक बाईचं एक नख वाढलेलं असतं, तंबाखूने पिवळं झालेलं. कुसाची सगळी नखं कापलेली होती. पुस्तकाचं पान उलटताना वाढलेल्या नखाने कागद फाटायचा, म्हणून ती दोन वर्षं नखं कापत होती. मी रोज तो हात पाहत होतो, त्या हाताने वाढलेलं जेवत होतो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ती बोटाच्या टोकाने पान आत ढकलू लागली. पान परत बाहेर येई. तिने मागे पाहिलं. नवसाबाईने तोंड दाबायची आपली लोखंडी काडी पुढे केली.

"हाताने," दिवाणजी म्हणाले.

कुसाचं बोट कडेला कापलं. रक्त तिने पदराला पुसलं. एक बाई खोकली आणि लगेच तोंडावर हात ठेवून गप्प झाली. बारा मिनिटं झाली तेव्हा सुपात अकरा बिड्या होत्या.

"बघ रे," दिवाणजी मला म्हणाले.

मी त्या अकरा बिड्या हातात घेतल्या. मी काय करायचं हे मनाशी ठरवलं होतं. सगळ्या पास करायच्या, मग होईल ते होईल. पण एकोणीस वर्षं माझ्या अंगठ्याला एकच काम. बिडी फिरली, अंगठ्याला तोंड लागलं, ती डावीकडे गेली. दुसरी फिरली. खोक्यात बिडी पडल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता आणि तो मीच करतोय हे उशिरा कळलं. हात थांबला तेव्हा खोक्यात सात होत्या. माझ्या तळव्यावर चार.

दिवाणजी हसले नाहीत. "तोंडाने खोटं बोललास," ते म्हणाले, "हाताने नाय बोलता आलं." त्यांनी कुसाचं कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. माझी खुर्ची राहिली. छाट काढणारा हात त्यांना हवाच होता.

कुसा उठली. खोक्यातून तिने त्या सात बिड्या वेचल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.

"छाट कारखान्याची असते, बाई," दिवाणजी म्हणाले.

"कार्डावर चढायच्या बिड्यांची छाट कारखान्याची," ती म्हणाली. "माझं कार्ड तुमच्याजवळ हाय."

ती गेली. माझ्यासमोर अजून नऊ बायकांची रांग होती. मी तो माल पाहिला.

घरी आलो तेव्हा तिने पिठलं केलं होतं. ताट वाढलं, पाणी ठेवलं. मी म्हणालो, "कुसे, माझ्या हातून..." ती म्हणाली, "जेवा." त्या सात बिड्यांवर ती त्यानंतर कधी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

कारखान्यात वाचन बंद झालं. फळीपलीकडून नुसत्या कात्र्या ऐकू यायच्या. दाजी म्हणायचं बायकांनी सोडलं. "ओ चेकर, बघा आमचा माल," एवढंच. नवसाबाई तर सूप ठेवून पाठ करून उभी राहायची.

चार दिवस कुसा ओट्यावर नुसती बसून होती. पाचव्या दिवशी मुसळगावच्या सट्टेदाराकडून, म्हणजे घरी वळायला पानं-तंबाखू देणाऱ्याकडून, ती माल घेऊन आली. बोटाला चिंधी बांधून वळायला लागली. पहिल्या दिवशी दोनशे, मग तीनशे. डाव्या हाताच्या तर्जनीचं नख तिने वाढू दिलं. उजव्या हाताची कापलेलीच ठेवली. पुस्तक समोर जात्याला टेकवून ती वाचायची आणि हात सुपात चालू. पान उलटायचं झालं की उजवा हात धुऊन, पुसून, मग उलटायची.

पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास उज्वला कारखाना सोडून सट्टेदाराचा माल घेऊ लागली आणि सूप घेऊन आमच्या अंगणात आली. मग आणखी दोघी. वर्षभरात अकरा जणी झाल्या. नवसाबाई शेवटी आली. तिने पहिल्याच दिवशी कट्टा पुढे सरकवला. कुसाने तो परत केला.

"आता मूठ नको, मावशी. माझी मी वळती."

"लय शहाणी झाली," नवसाबाई म्हणाली, पण कट्टा उचलला.

मला रविवारी सुट्टी असायची. मी अंगणात एका कडेला बसायचो. बायका माझ्याशी बोलत नसत. एके दिवशी कुसाचे दोन्ही हात अडकले होते, ती पानाच्या शेवटी आली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पान उलटलं. मग ते माझं काम झालं. मान हलायच्या आधी उलटायचं तर शेवटची ओळ कुठे आली हे कळायला हवं. मी तिच्या आवाजाबरोबर ओळीवरून डोळे नेऊ लागलो. आधी शेवटचा शब्द ओळखू यायचा, मग शेवटची ओळ. वाचायला मी असा शिकलो. मला तीन वर्षं लागली. तिने मला शिकवलं असं ती कधी म्हणाली नाही.

दोन हजार चारला तिला खोकला लागला. तंबाखूचा भुगा तीस वर्षं नाकातोंडात गेलेला. नाशिकला सिव्हिलला नेलं, फोटो काढले, गोळ्या आणल्या. पंचवटीत तिची बहीण राहायची, तिच्याकडे महिनाभर राहिलो. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणायची, "वाचा." मी अडखळत वाचायचो. चुकलो की ती खाटेच्या पाटीवर बोट वाजवायची. मी मागे जाऊन शब्द परत जुळवायचो. शेवटच्या आठवड्यात मी चुकलो तरी बोट वाजेना. मी मुद्दाम चुकून पाहिलं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी तिची पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी, चष्मा, आणि ती कायद्याची पुस्तिका. पुस्तिकेत दोऱ्याने बांधलेल्या सात बिड्या होत्या. सात वर्षांत पान काळं पडलं होतं. मी ओट्यावर उजेडात आलो आणि एकेक बिडी अंगठ्यावर फिरवली. हळू, घाई न करता. तीन छाटीच्याच होत्या. चार पास होत्या. तोंड थोडं कच्चं, एवढंच. दुसऱ्या कुठल्याही बाईच्या सुपातून आल्या असत्या तर त्या दिवशीही मी त्या पास केल्या असत्या. दिवाणजी शेजारी बसले होते म्हणून माझा अंगठा जास्त कडक झाला होता. आणि तिने वळल्या होत्या म्हणूनही.

मी त्या चार पुन्हा तपासल्या. पासच होत्या.

दुपारी अंगणात खुडबुड ऐकू आली. नवसाबाई काठी टेकत आली होती, तिच्यामागे उज्वला आणि बाकीच्या, काखेत सूप. कुणी विचारलं नाही. आपापल्या जागी बसल्या. कुसाची जागा मोकळी ठेवली.

"चेकर," नवसाबाई म्हणाली, "वाचतो का? नाय तर आम्ही उठतो."

जात्यावर पुस्तक तसंच होतं. खूण म्हणून फर्म्याने कापलेलं टेंभुर्णीचं पान घातलेलं. मी तिथून सुरू केलं. ओळ सापडेना. सापडली तर शब्द सुटेना.

"बैलगाडी बरी ह्याच्यापेक्षा," कुणी तरी म्हणालं.

"चालू दे. चिखलातून तीच जाती," नवसाबाई म्हणाली.

मी चार पानं वाचली. घसा कोरडा पडला. ऊन सरकून सुपांवर आलं होतं. उज्वला उठली आणि तिने एक कट्टा माझ्या गुडघ्यापाशी ठेवला. मग दुसरीने ठेवला. बघता बघता अकरा झाले.

"मला कशाला? मी वळत नाय," मी म्हणालो.

"वाचणाऱ्याची मूठ असती," उज्वला म्हणाली. "ठेवा, दाजी."

मी वरचा कट्टा उचलला. अंगठा आपोआप फिरला. एक बिडी हाताला लागली, पान चिरलेलं, तोंड उघडं. घट्ट आणि आखूड. नवसाबाईची. तिचे हात आता कापत असत. मी बिडी वर घेतली तेव्हा तिच्या सुपातला हात थांबला होता आणि ती माझ्याकडे पाहत होती.

"छाट का?" तिने विचारलं.

मी बिडी कट्ट्यात परत खोचली, दोरा आवळला आणि पुस्तकाचं पुढचं पान काढलं.